वडिलांकडचा दाखला

बी.एड.च्या प्रवेशाचे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. पदवीला खुल्या वर्गाला पन्नास टक्के हवेत, मागास वर्गाला पंचेचाळीस. त्यावर सीईटी, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. नंबर लागला की ठरलेल्या तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रांसह हजर. पुढे दोन वर्षं, चार सत्रं, ऐंशी टक्के हजेरी, सराव पाठ, शाळेत जाऊन महिनोन्‌महिने शिकवणं. ते पुढचं मला जमणार याची खात्री होती. धाकधूक होती ती अलीकडच्या भागाची, कारण मला बी.ए.ला सत्तेचाळीस टक्के होते. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर असे दोन्ही कागद हातात असले तर मी पात्र. एक जरी नसला तर मी खुल्या वर्गात, म्हणजे थेट घरी. सीईटीत कितीही मार्क पडले तरी.

सीईटीत मार्क चांगले पडले. बुलढाण्याच्या एका कॉलेजात नंबर लागला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, लग्नाला सात वर्षं झाली होती, नवरा पुण्याकडे कंपनीत आणि मी जानेफळजवळ सासरी, वांगी-मिरचीच्या वावरात. सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एक वर्ष पाह्य. लागला नंबर तं शिक, आम्ही आडवे येत नाही. नाही लागला तं ते खूळ सोड." त्यामुळे हे एकच वर्ष माझं होतं.

मंगळवारी मी आणि सासरे कॉलेजात पोचलो. तपासणीच्या टेबलावर एक मॅडम होत्या. दहावी, बारावी, बी.ए.च्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी, जातीचा दाखला, एकेकावर लाल पेनाने खूण करत त्या पुढे चालल्या होत्या. मी मनातल्या मनात वर्गात जाऊन बसलेही होते. मग त्यांनी एक कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"ही तर पोच आहे. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला कुठंय?"

"तोच तं दाखला हाय मॅडम," सासरे मागून म्हणाले. "तीन महिने झाले काढून."

"अर्ज केल्याची पावती आहे ही, काका. दाखला नाही."

मॅडमनी पावतीवरचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. अर्ज परत पाठवलेला होता. शेरा एका ओळीचा होता: अर्जदार विवाहित असल्याने वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा. तो शेरा पडून दोन महिने झाले होते.

चूक कुठे झाली ते मला उभ्या उभ्या कळलं. आमच्याकडे एक रीत आहे. लग्न झालं की मुलीच्या कुठल्याही कामासाठी सोयऱ्याच्या दारात जायचं नाही, कमीपणा वाटतो. सासरे तर या बाबतीत फारच कडक. सुनेचं काम म्हणजे आपल्या घरचं काम, असं म्हणून त्यांनी अर्जाला स्वतःचं उत्पन्न जोडलं, स्वतःचा सातबारा जोडला, स्वतःचं रेशन कार्ड जोडलं. मोबाईल नंबरही स्वतःचाच दिला. अर्ज परत आल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर आला असणार, आणि कर्ज देणाऱ्यांच्या मेसेजांसोबत त्यांनी तोही उडवला असणार. पावतीवर शिक्का होता, म्हणून तिला दाखला समजून त्यांनी देवापुढे ठेवलं होतं. तिच्या कोपऱ्याला हळदीचं बोट होतं.

मला त्यांचा असा संताप आला की हातातली पिशवी आपटावीशी वाटली. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

"मॅडम, हिले मी पोरगी मानतो," ते म्हणाले. "लग्न झालं, आता हे आमची हाय. तिच्या बापाचा याच्यात काय संबंध?"

"या कागदापुरती ती तिच्या वडिलांचीच राहते, काका. लग्न होवो नाहीतर काही होवो." मॅडम खडूस नव्हत्या, पण नियमाला त्यांचा इलाज नव्हता. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आणा. नंतर ही जागा पुढच्या फेरीत जाईल. मग मला काही करता येणार नाही."

बसस्टँडवर सासऱ्यांनी फाईल माझ्या हातात दिली. "तू जाय माहेरी, साखरखेर्ड्याले," ते म्हणाले. "मी नाही येत. मले तोंड नाही." एवढं बोलून ते मेहकरच्या गाडीकडे गेले. सात वर्षांत मी त्यांना असं खाली मान घालून चालताना पाहिलं नव्हतं.

आता खरी अडचण सांगते. दाखला माझ्या वडिलांकडून आणायचा होता, आणि वडिलांचं न् माझं बोलणं नव्हतं म्हटलं तरी चालेल. बी.ए. झालं त्याच वर्षी मी बी.एड.चा फॉर्म घरी आणला होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "तुह्याच्यानं होणार नाही." कारण नाही, चर्चा नाही. त्याच मे महिन्यात माझं लग्न झालं, आणि लग्नाचा मांडव उतरून महिना झाला नसेल तोवर त्यांनी तालुक्याला जाऊन रेशन कार्डातून माझं नाव कापून आणलं. नाव सगळ्यांचंच कापतात, ते मला माहीत होतं. पण इतकी घाई? तेव्हापासून मी राखीला जायची, भावाला राखी बांधायची आणि दुपारच्या गाडीने परत. माहेरी मी एक रात्रही राहिले नव्हते. माझ्या बापाला मी ढ वाटते, हे मी पोटात घेऊन सात वर्षं जगले. सत्तेचाळीस टक्के पाहिले की मलाही तेच वाटायचं.

संध्याकाळी वडील वावरातून आले. त्यांनी पाय धुतले, मला पाहिलं, "कवा आली?" विचारलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"तिकडून होत नाही का?"

"नाही होत."

"मंग सरकारचं म्हणणं काय हाय?"

"की मी तुमची मुलगी आहे," मी म्हणाले. शब्द जरा जोरातच गेले. आई चुलीपासून वळली. वडील जेवले, हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडले. हो नाही, ना नाही.

बुधवारी सकाळी सहाला उठले तर अंगणात मोटरसायकल नव्हती. फोन बंद. आई म्हणाली, "वावरात गेले असतीन. सोयाबीनवर अळी पडून राह्यली ना." माझं डोकंच फिरलं. सोयाबीनवरची अळी दिसते, पोरगी दिसत नाही! मी आईवर नको तेवढी ओरडले. बिचारीचा काय दोष होता? तिने मुकाट्याने कपाट उघडून दिलं. आत भावाची फाईल होती. त्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी लागणारा एकूण एक कागद, वडिलांचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला सुद्धा, एप्रिलमध्येच काढून ठेवलेला. पण ती झेरॉक्स होती. मूळ प्रत नव्हती, आणि रेशन कार्डही जागेवर नव्हतं. मी झेरॉक्स पिशवीत घातली आणि मिळेल त्या काळीपिवळी जीपमध्ये बसून तालुक्याला निघाले. मूळ प्रतीशिवाय कोण विचारणार होतं? पण घरी बसून तरी काय होणार होतं?

तहसील कचेरीत दाखल्याच्या खिडकीपुढे दहाबारा माणसं होती. दुसऱ्या नंबरला माझे वडील उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची पिशवी.

"उशीर केला," ते मला म्हणाले. "साडेनवाले खिडकी उघडते."

"सांगून नाही यायचं? फोन बंद तुमचा!"

"उतरला होता." पिशवीतून त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याची मूळ प्रत काढली, रेशन कार्ड काढलं. मला हायसं वाटलं, पण राग काही उतरला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने रेशन कार्ड उघडलं आणि बोट थांबवलं. माझ्या नावावर लाल रेघ होती.

"यांचं नाव तर कमी केलंय. तुमच्या कुटुंबात नाहीत ह्या."

"लग्न झालं तिचं," वडील म्हणाले. "नाव मीच कापून आणलं होतं."

"मग तुमची मुलगी आहे हे कशावरून धरायचं?"

मागच्या रांगेतला कोणीतरी हसला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर भीती दिसली. मी फाईल उलटीपालटी केली, शाळा सोडल्याचा दाखला काढला, विवाह नोंदणीचा दाखला त्याच्यावर ठेवला. एकात माहेरचं पूर्ण नाव, दुसऱ्यात माहेरचं आणि सासरचं दोन्ही. त्या माणसाने दोन्ही कागद ताडून पाहिले. मग वडिलांपुढे एक छापील स्वयंघोषणापत्र सरकवलं. वडिलांनी चष्मा लावून त्यातली ओळ न् ओळ वाचली. अर्जदार ही माझी मुलगी आहे, ही माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. खाली त्यांनी सावकाश सही केली.

अर्ज गेला, पण सही व्हायची होती साहेबांची. गुरुवारी साहेब बैठकीला बुलढाण्यात. आम्ही दोघं दिवसभर आवारातल्या लिंबाखाली बसलो. वडिलांनी दोनदा चहा आणला. शुक्रवारी पुन्हा तेच. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. मी दर पाच मिनिटांनी फोनवर अर्जाची स्थिती पाहत होते. पावणेदोनला दाखला निघाला.

बसची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. "बस मागं," वडील म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली. देऊळगाव राजाच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूची गाड्यांची रांग हलतच नव्हती. वडिलांनी मोटरसायकल खाली मुरमावर उतरवली. त्या वयाच्या माणसाने अशी गाडी चालवू नये. मी फाईल पोटाशी धरून होते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या शर्टाला. चिखलीला साडेतीन वाजून गेले होते. पुढे ट्रॅक्टरच्या मागे अडकलो, तेव्हा मला रडू यायला लागलं.

कॉलेजात पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. मॅडमनी दाखला घेतला, वडिलांचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, कॉम्प्युटरवर नंबर टाकून खात्री केली. लाल पेनाने शेवटची खूण केली. "झाला तुमचा प्रवेश," त्या म्हणाल्या आणि छापलेला कागद माझ्या हातात दिला. घोडं गंगेत न्हालं होतं. मी त्यांना नीट थँक्यू सुद्धा म्हटलं नाही, सरळ बाहेर पळाले.

वडील गेटजवळ गाडीला टेकून उभे होते.

"झालं?"

"झालं."

त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला. घडी घालून परत देताना म्हणाले, "त्या वर्षी बी लागला असता तुहा नंबर."

मला आधी कळलंच नाही. "तुम्हीच म्हणाला होता ना, तुह्याच्यानं होणार नाही?"

"हाव. म्हणलो होतो." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "पाव्हणे पाहून गेले होते तेव्हा. चांगलं घर होतं. तू कॉलेजात गेली असती तं सोयरीक मोडली असती. होणार नाही म्हणलं म्हणूनच तू गप बसली. होईन हे मले माहीत होतं."

"सात वर्षं मी स्वतःला ढ समजत होते, बाबा," मी म्हणाले. गेटवरचा वॉचमन आमच्याकडे पाहायला लागला इतक्या जोरात. "सात वर्षं!"

"हाव," ते म्हणाले. चुकलो म्हणाले नाहीत, माफ कर म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी स्टँडवरून काढली. "चाल, चिखलीपर्यंत सोडतो. तेथून भेटन तुले गाडी."

मी बसले नाही. बसने जाते म्हणाले आणि खरोखरच स्टँडवर जाऊन बसमध्ये बसले. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती, रस्ता मोकळा होता, त्यांना केव्हाच पुढे निघून जाता आलं असतं. पण चिखलीपर्यंत त्यांची मोटरसायकल बसच्या मागेच होती. मागच्या काचेतून ती मला दिसत राहिली. मी हात केला नाही.