नऊ गाठींची दोरी

मी गणिताचा मास्तर. भूतखेत, चमत्कार असलं काही कुणी सांगायला लागलं की मी त्याला आधी वेळ विचारायचो, मग अंतर विचारायचो... तोवर भूत पळालेलं असायचं. पण परवा पुण्याची नात फोनवर वैतागली होती — "आजोबा, माझा प्रोग्रॅम पाच जूनला सहा मे वाचतोय! आणि दिवस कुठून मोजायचे तेही त्याला कळत नाही!" — आणि मला एकदम याहाची दोरी आठवली.

साठच्या दशकातली गोष्ट. तळोद्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी दोन वर्षं शाळा चालवली. याहा म्हणजे तिकडे आई. ही याहा माझ्या शेजारची विधवा बाई, तिची एकुलती मुलगी जमनी. दोन वर्षं याहाने मला भाकरी घातली. माझ्याशी बाजारातली अहिराणी बोलायची. बदली होऊन नंदुरबारजवळच्या कोरीटला निघालो तेव्हा म्हणाली, "जमनीले भाऊ नही. लगीनमा तूच भाऊ. दोरी धाडसू. रोज सकायले एक गाठ सोडजो, गाठी सरनात का यी जाजो."

वर्षभराने दोरी आली, सोमवारी. तळोद्याचा जीपवाला नंदुरबारला आला होता, त्याने कुणाच्या तरी हाती कोरीटला पाठवली. अंबाडीची दोरी, नऊ गाठी, एकेक गाठ सुई घातल्याशिवाय न सुटणारी. आता मी शिकलेला माणूस, रोज गाठी कशाला सोडत बसू? नऊ दिवस मोजले, पुढच्या बुधवारी कॅलेंडरवर फुली मारली आणि दोरी टोपीच्या खुंटीला अडकवून मोकळा झालो. शहाणपणा नडतो तो असा!

शुक्रवारी सकाळी टोपी घ्यायला गेलो तर... दोरीला एकच गाठ!

"अगं, गाठी तू सोडल्यास?"

बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "मी कशाले हात लावू?" घरात आम्ही दोघंच. दोरी तिने निरखून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "लगीन उद्या शे. निघा तुम्ही."

"अगं पण कॅलेंडरप्रमाणे अजून पाच दिवस..."

"कॅलेंडर ऱ्हाऊ द्या भितवर! ती पोर भाऊ बिगर उभी ऱ्हाई ना!"

दोरी खिशात घालून निघालो. तळोद्याला मुक्काम, शनिवारी सकाळी जीप, मग चढण. पाड्यावर ढोल वाजत होता. जमनी नटून बसलेली आणि याहा वाटेवरच उभी — हातात तशीच दोरी, तिलाही एकच गाठ, त्या दिवसाची, अजून न सोडलेली.

"याहा, माझ्या गाठी कुणी सोडल्या गं?"

"मी आठे, पाड्यावर, रोज एक सोडी ऱ्हायनू."

"तुझ्या दोरीच्या. माझ्या दोरीच्या कुणी?"

ती हसली. "दोरी एकच शे, मास्तर. दोन तुकडा कयात म्हनीसन का दोन व्हयनी?"

मी जमनीच्या मागे भाऊ म्हणून उभा राहिलो. सासरी निघताना पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. माझाही धीर सुटला, सांगायला लाज कसली.

परतताना जीपवाल्याला गाठलं. तो ओशाळला. "मास्तर, चार दिन मन्हा खिशामाच ऱ्हायनी ती." गाठ सोडायची असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे दोरी माझ्याकडे आली तेव्हा पाचच गाठी हव्या होत्या. चूक सापडली! पण ती दुरुस्त कुणी केली? पन्नास वर्षांहून जास्त काळ हिशेब मांडतोय, उत्तर येत नाही. नातीला सांगितलं, तर तिने आधी वेळ विचारली, मग अंतर.

एक सांगायचं राहिलं. लग्नाच्या दिवशी माझ्या दोरीची ती शेवटची गाठ मी सोडायला गेलो, तर याहाने हात धरला. "ऱ्हाऊ दे. गाठ ऱ्हायनी का येनं ऱ्हास." गाठ उरली की येणं उरतं.

याहा जाऊनही आता खूप वर्षं झाली. दोरी खुंटीवरच आहे. सकाळी टोपी घेताना मी आधी तिच्याकडे बघतो... गाठ आहे. अजून मला याहाकडे जायचं आहे.