आधी नाव, मग बोलणं

मंगळवार, सकाळ. हजर: डोळ्यांचे डॉक्टर, माझी धाकटी जाऊ मीना, तिची लेक ओवी आणि मी.

मीनाचा उजवा डोळा लहानपणापासून बाहेर वळलेला. ती बोलू लागली की समोरचा मागे वळून बघायचा, म्हणून ती आधी त्याचं नाव घ्यायची, मग बोलायची. कालच्या ऑपरेशननंतर आज पट्टी निघाली. डोळा लालभडक होता, पण सरळ.

"ओवी, कशी दिसते गं मी?"

"माझ्याकडेच बघतेयस की आई! नाव कशाला घेतेस?"

मीना हसली.

डोळ्याचा स्नायू डॉक्टरांनी आवळून बसवला. पण समोरचा आपल्याकडे बघेल की मागे, ही धाकधूक कोण घालवणार?

ओवी कॉलेजला गेली. रिक्षात बसताना मीना म्हणाली, "ताई, सरका जरा."

रिक्षात आम्ही दोघीच होतो. औषधं घेऊन झाली, पुढची तारीख घेऊन झाली. आधी हाक मारायची सवय तेवढी सुटायची राहिली आहे.