बद्रीनाथची पळायची ठिकाणं

पाचोडला शहाणासुरता माणूस पळत नाही. कडब्याच्या गंजीला आग लागली, कुणाला साप चावला किंवा कुणाच्या घरात माणूस गेलं, तरच पळतो. पन्नाशी ओलांडलेला, सरकारी कचेरीत नोकरीला असलेला माणूस भल्या सकाळी बूट घालून उगाच पळतोय, हे तिथं कुणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. बद्रीनाथ तिथलाच, नोकरीमुळं शहरात राहणारा. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं. चालता चालता पळायची गोडी लागली, आणि ती गोडी त्यानं तंबाखूच्या सवयीसारखी लपवून ठेवली.

शहरात पळायला जागांना तोटा नाही. हिमायतबागेत जुन्या झाडांखाली बराच वेळ गारवा टिकतो. गोगाबाबाच्या टेकडीवर धापा टाकत पोचलं की खाली मकबरा दिसतो. विद्यापीठाच्या मागं, लेण्यांच्या पायथ्याशी मोर ओरडतात. हर्सूलच्या तलावावर पाण्यावरून येणारा वारा घाम जिथल्या तिथं वाळवतो. बद्रीनाथला हे सगळं मनापासून आवडायचं, पण जागा तो वेगळ्याच हिशेबानं निवडायचा. तिथं पाचोडचं कुणी भेटायला नको. वर खिशात एक कापडी पिशवी असायचीच. ओळखीचं कुणी दिसलं की पळणं थांबवायचं, पिशवी बाहेर काढायची आणि दुधाला निघाल्यासारखं तोंड करायचं.

घरात त्याची आई होती, आशाबाई. गावाकडं पडून खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तिला ऑपरेशनला शहरात आणलं आणि मग ती धाकट्याकडंच राहिली. थोरला आप्पासाहेब पाचोडला मोसंबीची बाग बघायचा. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये बद्रीनाथचं नाव चुलतभावांच्याही खाली छापून आलं. छापखान्याची चूक, असं आप्पासाहेब म्हणाला. बद्रीनाथ लग्नाला गेला नाही. सख्खा चुलता मांडवात नाही, हे अख्ख्या पाहुण्यारावळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आप्पासाहेब दवाखान्यात आईला बघून गेला, तेही धाकटा कचेरीत असताना. त्याच्या घराची पायरी मात्र तो चढला नाही.

म्हातारी वॉकर धरून चालू लागली होती. सून दीपमाला औषधपाण्यात कसूर करत नव्हती. पण रोज दिवेलागणीला म्हातारी एकच विचारायची, "आप्पाचा फोन आलता का रं?"

"कामं असतील त्याला," बद्रीनाथ म्हणायचा. स्वतः फोन केला असता तर काही बिघडत नव्हतं. पण अडून बसण्यात दोघं भाऊ एकमेकांना हार जाणारे नव्हते.

त्या दिवशी तो हर्सूलच्या बाजूला पळत होता. फळांच्या मंडीला सुट्टी आहे, गावाकडची गाडी येणार नाही, असा त्याचा समज. समोरून मोसंबीचा पिकअप आला आणि त्यातून पाचोडच्या गोकुळनं डोकं बाहेर काढलं.

"ओ बद्रीभाऊ! का पळायले? काय झालं?"

आता पिशवी काढून उपयोग नव्हता. थांबावं, हसावं, खरं सांगून टाकावं, तर लाज आडवी आली. बद्रीनाथनं मान खाली घातली आणि दुप्पट जोरानं पळत सुटला.

गोकुळनं गाडी कडेला घेऊन गावाकडं फोन लावला. "आशाकाकू गेल्या वाटतं. बद्रीभाऊ येड्यावानी पळायलेत. हाक मारली तर वळून बी बघंनात."

पाचोडला मयताच्या घरी फोन करून खरंखोटं विचारत नाहीत. तसं विचारणंच वाईट. निघायचं असतं. गावानं जीप काढली.

इकडं गोकुळच्या तावडीतून सुटलेला बद्रीनाथ ऊन चढेपर्यंत तलावाकाठी निवांत बसला. टपरीवर चहा घेतला, दूध घेतलं, चालत चालत आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि जागीच थबकला. दारात पाचोडची जीप उभी होती. बायकांनी कोपऱ्यापासूनच गळा काढलेला. शेजारी गच्चीवर आले होते. आई गेली, एवढंच त्याला कळलं. तो पळाला. पिशवी कुठं पडली, कोण बघतंय, काही शुद्ध नव्हती.

आशाबाई ओट्यावर उन्हाला बसून मेथी निवडत होती. "कोण गेलं गं?" ती रडणाऱ्या बायकांना विचारत होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांतल्या एकीला हसू आवरेना. ओट्याच्या पायरीवर आप्पासाहेब बसला होता, अनवाणी, आईचे पाय घट्ट धरून, आणि हुंदके देत होता. आई समोर जिवंत दिसत असतानाही त्याचं रडणं थांबत नव्हतं.

बद्रीनाथ घामानं निथळत पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याचेही डोळे भरलेले. आप्पासाहेबानं वर पाहिलं.

"असं पळतंय व्हय रं माणूस?"

"डॉक्टरनं सांगितलंय, दादा."

एवढंच बोलणं झालं. दीपमालानं सगळ्यांना चहा केला, आणि चहाबरोबर गोकुळच्या फोनची गोष्ट म्हातारीपर्यंत पोचली. मयताला म्हणून निघालो, आता आंघोळ करावी की नाही, यावर बायकांचा बराच वेळ वाद झाला. आप्पासाहेब दुपारी जेवायला थांबला. आईच्या शेजारी पाट घेऊन बसला, दोनदा भाजी मागून घेतली. पत्रिकेचा विषय कुणी काढला नाही. जाताना त्यानं बद्रीनाथच्या चपला पायात घातल्या, कारण स्वतःच्या घाईत गावीच राहिल्या होत्या, आणि जीपमध्ये चढला.

संध्याकाळी आशाबाईनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"परत कधी येतो म्हणला आप्पा?"

बद्रीनाथ तिच्या रात्रीच्या गोळ्या काढू लागला. आप्पासाहेब तसं काही म्हणाला नव्हता, आणि त्यानंही 'ये' म्हटलं नव्हतं. आईशी खोटं बोलायचा त्याला कंटाळा आला होता.

म्हातारीनं गोळी घेतली.

"बद्री, तू उद्या बी जाणार का पळायला?"

"व्हय."

"मंग त्या गोकुळच्या समोरूनच जा."