जमियातला शुद्धभाषी

श्यामला मूळची परभणीची. कुवेतमधल्या एका दवाखान्यात रक्ततपासणीचं काम करते आणि सबाह अल-सालेमला आमच्याच इमारतीत राहते. दिवसभर लोकांना सुया टोचून आली, की मोबाइलसमोर बसून ती मुलांसाठी गोष्टी सांगायची आणि त्यांचे व्हिडिओ टाकायची. "अगं माय, कोल्हा कुठं जायलाय बघा," असं तिनं म्हटलं, की घरात मराठीचं एक वाक्य न बोलणारी माझी उर्वी खेळ टाकून ऐकायला यायची. मी पुण्याची, पण असा कोल्हा आमच्याकडे कधी झालाच नाही.

मग 'शुद्धभाषा पुणेकर' नावाचा एक अवतार उगवला. प्रत्येक गोष्टीखाली शेरा लिहायला हजर. 'जायलाय नव्हे, जातो आहे.' 'मुलांच्या भाषेचं वाटोळं करू नका.' सुरुवातीला श्यामला हसून उत्तर द्यायची, की हा आणखी चेकाळायचा. पुढे तिचं हसू आटलं. कितीतरी आया कौतुक करायच्या, ते तिला दिसेना. त्या एकाचंच वाक्य ती दिवसभर डोक्यात घेऊन फिरायची. शेवटी तिनं आपली बोलीच सोडली. 'कोल्हा जात आहे. कोल्हा थांबत आहे.' उर्वीनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "आई, व्हाय इज मावशी रीडिंग द न्यूज?" मला त्या माणसाचा असा संताप आला की सांगता सोय नाही. ऐकणारी पोरं एकेक करून गळाली. श्यामला म्हणाली, "अंतराताई, बंदच करायले मी हे सगळं."

आणि त्याच आठवड्यात त्या शहाण्याचा पाय घसरला. गोष्ट काकडीच्या मळ्याची होती. खाली त्यानं लिहिलं, 'जमियात काकडी घेणाऱ्या बाईने मळ्याच्या गोष्टी सांगू नयेत.'

वाचलं आणि मी खुर्चीतून उडालेच. जमिया! म्हणजे इथल्या प्रत्येक वस्तीतलं सहकारी दुकान. त्याला जमिया म्हणणारा माणूस अख्ख्या पुण्यात शोधून सापडायचा नाही. म्हणजे हा बेटा इथलाच! मी तशीच धावत श्यामलाकडे गेले. तिनं वाचलं, डोळे लकाकले, आणि तिनं अगदी नम्रपणे लिहिलं, 'काकडी कुठल्या जमियातली चांगली असते, सर?'

माहिती विचारली की पुणेकराला राहवत नाही, हे मी घरचंच सांगते. लगेच उत्तर आलं. 'अर्दियाच्या. सकाळी जावे.'

अर्दिया ही इथलीच एक वस्ती, आणि तिथं आमच्या ओळखीचा मराठी माणूस एकच, विश्वासकाका. इथल्या मराठी मंडळाच्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचे कायमचे परीक्षक. मुलं येईनात म्हणून ती स्पर्धा बंद पडली होती, आणि काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेल्या.

शुक्रवारी सुट्टी होती. श्यामलाला घेऊन मी काकांकडे गाडी काढली. खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.

दार काकांनीच उघडलं. आम्हा दोघींना पाहून त्यांचा चेहरा उतरला. "तो शुद्धभाषा पुणेकर तुम्हीच ना?" मी विचारलं. त्यांनी नाकारलं मात्र नाही. "घरात दिवसभर आवाज नसतो हो," ते म्हणाले. "आधी मी कौतुकच लिहिलं होतं. तुम्ही नुसता अंगठा पाठवलात. चूक काढली, तेव्हा मात्र उत्तर दिलंत. मग चटकच लागली."

मला वाटलं, ही आता विरघळणार. पण श्यामलाचा बांध फुटला. "अन् माझ्या घरातला आवाज बंद केलात, त्याचं काय, काका? तोंड उघडलं की तुमीच दिसायलात मला. माय गेली माझी. तिची बोली तेवढी राहिली माझ्यापाशी, ती बी काढून घ्यायलात?"

आणि मग ती थांबेचना. सगळं परभणीच्या बोलीत, धो धो. मी आनंदानं बघत राहिले. कितीतरी दिवसांनी आमची श्यामला बोलत होती.

काकांचे ओठ एकदा हलले. सवयीनं काहीतरी सुधारायचं असणार. मग त्यांनी ते मिटले, खुर्ची पुढे ओढली आणि चाचरत म्हणाले, "बोला. मी ऐकायलोय."

श्यामला बसली नाही, पण बोलत राहिली.