लाल पेन्सिलीतलं 'गैरहजर'

मी आज जो कोणी आहे तो बनसोडे गुरुजींमुळे. दहिवडीच्या वसतिगृहात त्यांनी मला आठवीपासून सांभाळलं, म्हणून आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो. महिन्यापूर्वी सांगलीच्या ऑफिसात निरोप आला, गुरुजी गेले. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

ते दुष्काळाचं साल होतं. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, पण आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांना पोहरा टाकू देत नसत. कोणी वरून ओतेल तेवढंच पाणी. आम्ही वसतिगृहातली मुलं मोर्चानं विहिरीकडे निघालो. कोणी चुकू नये म्हणून गुरुजींनी निघताना रोजची हजेरीची वही बरोबर घेतली. विहीर दिसते तोच पोलिसांच्या लाठ्या सुरू झाल्या. आम्ही पांगलो. मी तालमीच्या भिंतीआड दडलो. फौजदारानं गुरुजींची वही हिसकावली आणि एकेक नाव पुकारू लागला. काय सांगू... बोळांतून, निवडुंगाआडून मुलं हात वर करून बाहेर येत होती, "हजर!" सवयच तशी होती! येईल त्याला गोदामात कोंडत होते. माझं नाव आलं. पुन्हा आलं. मी भिंतीला आणखी चिकटलो. गुरुजींनी मला पाहिलं होतं. "तो आला न्हाई, साहेब," ते म्हणाले आणि फौजदाराच्या हातातल्या वहीतच माझ्या नावापुढं लाल पेन्सिलीनं 'गैरहजर' लिहिलं.

आत कोंडलेल्यांना, दगडफेक केली असं लिहून दिल्यावरच पाणी मिळालं. त्या कागदापायी माझा मित्र दगडू पलटणीच्या भरतीतून परत आला. गुरुजींनी पुढं कित्येक वर्षं गावोगाव फिरून एकेकाची जबानी उतरवून सरकारकडे पाठवली. वरून उत्तर यायचं, आरोपींचं म्हणणं धरता येत नाही. आरोपी नसलेला साक्षीदार एकच होता. मी.

गेल्या दिवाळीत गुरुजींकडे गेलो, तर दगडू तिथंच बसलेला. "या, गैरहजरसायेब! इस्त्री लय कडक हाय गड्या!"

गुरुजी हसले नाहीत. "तुजा तेवढा कागद राह्यलाय. भ्या वाटतंय?"

"व्हय, गुरुजी. नोकरी जाईल."

"मग भीत भीत लिव. पर लिव."

कार्डावर चार ओळी लिहून गुरुजींना धाडायला मला तीन महिने लागले. गुरुजी गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, ती वही उघडली. लाल अक्षरांवर माझं कार्ड ठेवलेलं होतं. "आलं तवा ह्यांना शुद्ध नव्हती रं. म्या कानाशी वाचलं. ऐकलं का न्हाई, ठावं न्हाई."

म्हणून तेच इथं देतो.

"गुरुजी, त्या दिवशी मी तालमीच्या भिंतीआड होतो. सगळं पाहिलं. आमच्यापैकी कोणीही दगड मारला नाही. लाठी आधी चालली. हे कोणापुढंही सांगेन. मला फार भीती वाटते. माझी हजेरी लावा."