सगळ्या दारांवर तीन नंबर

स्वाइन फ्लूची लस आली ती आम्हा दवाखान्यातल्यांपुरती. देवरीच्या पुढे जंगलातल्या टोल्यांवर, त्या पाच-दहा घरांच्या वस्त्यांवर, ती काही पोचली नाही. तिथे मी पोलिओचे थेंब घेऊन जायची, तोंडाला मास्क लावून. उपकेंद्राची नर्स होते मी. पाय दुखले की चिडायची आणि चिडले की भराभर काम उरकायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दिवाळीनंतरची फेरी होती. आठ घरांचा तो टोला, नाला ओलांडून दीड तास पायी. सकाळी पोचले तर चिटपाखरू नाही. सगळी दारं बंद. पण छपरांतून धूर निघत होता आणि एका अंगणात सुपात अर्धे निवडलेले तांदूळ तसेच पडले होते. मी हाक मारली. आत कुठेतरी लेकरू रडू लागलं आणि एकदम थांबलं. कुणीतरी त्याचं तोंड दाबलं होतं.

मग मी भिंती पाहिल्या. दिवाळीला नव्यानं सारवलेल्या, आणि प्रत्येक दाराशेजारी गेरूनं लिहिलेलं: पी, तीन नंबर, मागच्या फेरीची तारीख. थेंब दिलेल्या घरावर आम्ही पी लिहितो, लेकरू राहून गेलेल्या घरावर फुली मारतो. पण भिंती सारवल्यानंतर माझ्याआधी इथे कुणी आलंच नव्हतं. आणि आठही घरांना तीन नंबर? जवळ गेले. तीनच्या शेपटीला मी लहानपणापासून एक आकडी काढते, त्यासाठी शाळेत मारही खाल्लाय. आठही दारांवर ती आकडी होती. अक्षर माझं होतं आणि मी ते लिहिलेलं नव्हतं.

"बाई, तोंडावरचं काढा," एका दारामागून बाईचा आवाज आला. "कोन हाय ते दिसू द्या."

मी मास्क काढला. दार बोटभर उघडलं.

"हे कोणी लिहिलं?"

"आमीच. तुमचं पाहून पाहून."

"काऊन?"

"मागच्या टायमाले आमी मोहा वेचाले गेलो होतो. तीन नंबरात बुढी होती, नातू होता, तिथं तुमी पी लिवलं. बाकी साऱ्यायले फुली. मंग पान्यापावसात शेवटच्या घरचं पोट्टं तापानं गेलं. फुलीच्या घराले बिमारी येते, बाई. म्हून आमी फुल्या पुसल्या, अन् तीन नंबरातलं पाहून साऱ्यायच्या दारावर तसंच लिवलं."

फुलीचा अर्थ मला तोंडपाठ होता: या घरी परत यायचं. दोन-तीन दिवसांत. मी आले नव्हते. ऊन होतं, नाला होता, दीड तासाची चाल होती. कागदावर मात्र फेरी पूर्ण दाखवली होती. ते लेकरू पोलिओनं गेलं नव्हतं, हे मी आजही स्वतःला सांगते. पण परत आले असते, तर ताप चढल्यावर त्या लोकांनी मला बोलावलं असतं. फुली मारून जाणाऱ्या बाईला कोण बोलावणार? मला स्वतःची लाज वाटली.

"दारं उघडा, थेंब देते."

"पयले लिवा. मंग थेंब."

नियम उलटा आहे. मी तो मोडला. एकेका भिंतीवर खरा नंबर घालून आधी पी लिहीत गेले. तसं एकेक दार उघडत गेलं आणि लेकरं बाहेर आली.

शेवटचं दार मात्र मी लिहिण्याआधीच उघडलेलं होतं. त्या गेलेल्या लेकराची आई उंबऱ्यात बसली होती. मी सवयीनं लसीची पेटी उघडू लागले.

"कायले?" ती म्हणाली. "कोन हाय आता?" मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "लिवा ना, बाई."

ज्या घरात लहान मूल नाही, त्या घरावरही पीच लिहितात. नियमच आहे तसा. मी आठ नंबर घातला आणि पी लिहिलं. ती समाधानानं त्या अक्षराकडे पाहत राहिली.

खरं तर तिथे फुलीच हवी होती. त्या घरी माझं परत यायचं राहिलं होतं.