मिरची खुडणाऱ्या बाईचा अंगठा

त्या बाईचा अंगठा मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. भिवापूरची मिरची जिथे उतरायची त्या गोदामात ती देठ खुडायला जायची. नवरा वारलेला, घरात दोन लहान मुली. मध्येच पाणी प्यायला उठली म्हणून मुकादमाने तिचा उजवा हात बुटाखाली रगडला होता.

नियमाप्रमाणे मी तिला सरकारी दवाखान्यात पाठवले. प्रमाणपत्र आले: अंगठ्याचे नख मुळापासून निघाले आहे, हाड शाबूत, दुखापत 'सिम्पल'. सिम्पल म्हणजे साधी, आणि साधी दुखापत म्हणजे अदखलपात्र गुन्हा. वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही. मी नोंद घेतली आणि तिला कोर्टाचा रस्ता दाखवला.

"साधी कशी जी?" ती म्हणाली. "मले कामच करता येत नाही."

"हाड मोडलं नाही ना बाई? नख येईल परत," असे म्हणून मी दुसऱ्या तक्रारीकडे वळलो.

तीन आठवड्यांनी आमच्या जुन्या हवालदाराने खबर आणली. "साहेब, थे बाई अजून कामावर नाही गेली. पोरी शेजाऱ्याकडं जेवून राहिल्या."

मी कायद्याचे पुस्तक काढले. 'ग्रीव्हस' म्हणजे जबर दुखापतीची यादी वाचली. दात मोडला तर जबर. दात मोडलेला बाबू दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बसेल, तरी जबर! यादीच्या शेवटी मात्र लिहिले होते की, वीस दिवस माणसाला नेहमीचे काम करता आले नाही तर तीही जबर. डॉक्टरांनी साधी लिहिलेली, पण ही तीन आठवडे कामावर नाही. मग हिची कोणती? माझे डोके चालेना.

मुकादमाला बोलावले. तो बिनधास्त होता.

"रागात पाय दिला साहेब, नाही कुठं म्हणतो? पण डॉक्टरनं सिम्पल लिवलं ना? अन् थे ढोंग करून राहिली. विहिरीवर पाणी भरते, जाऊन पाहा."

गेलो. ती खरोखरच कमरेवर घागर घेऊन चालली होती. मला तिचाच राग आला. दोघांपैकी एक जण मला बनवत होता. कोण, ते कळत नव्हते. दोन दिवस डायरीत काय लिहावे ते सुचले नाही.

शेवटी गोदामात जाऊन खुडणाऱ्या बायकांसमोर पोत्यावर बसलो. खोकून खोकून जीव गेला. एका म्हातारीने माझ्या हातात मिरची दिली. मी चिमटीने देठ ओढला, तर मिरचीच फुटली.

"तसं नाही जी," ती हसली. "देठ अंगठ्याच्या नखानं तोडा लागते. नख नसन तर तिखट उघड्या मांसात जाते. थे पोरगी दोनदा आली होती बसाले. रडत परत गेली."

घागर उचलायला नख लागत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. म्हातारीसह चौघींचे जबाब घेतले. डॉक्टरांनी अंगठा पुन्हा तपासून, वीस दिवसांहून जास्त तिला खुडणी शक्य नव्हती, असा पुरवणी अभिप्राय दिला. जबर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला, मुकादमाला अटक झाली आणि पुढे शिक्षाही लागली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती भेटली. मला वाटले, आभार मानेल.

"साहेब, मले काम करता येत नाही, हे त्या दिवशीच काहून नाही लिवलं?" तिने विचारले. "दोन महिने पोरी दुसऱ्याच्या दारात जेवल्या."

मी डॉक्टरांचे नाव पुढे करू शकलो असतो. पण प्रमाणपत्रात हाडाचे आणि नखाचे खरेच लिहिले होते. ती रोज त्या हाताने काय काम करते, हे विचारणे माझे काम होते, आणि ते मी केले नव्हते.